बाबूजींचं सुतक

त्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत उभा होतो. बाबूजी फाटकातून आत आले, तर त्यांच्या तोंडावर मिशी नव्हती. डोकंही सफाचट. अंगावर ओलं धोतर, खांद्यावर ओला पंचा. आपल्याच बापाला ओळखायला मला जरा वेळ लागला. आमच्याकडे माणूस मिशी उतरवतो ती बाप गेल्यावर. आणि बाबूजींचा बाप, म्हणजे माझा आजा, जाऊन इतकी वर्षं झाली की त्याचा चेहराही मला नीट आठवत नाही.

"कोन गेला?" मी विचारलं. तोंडात फेस तसाच.

बाबूजींनी नाव सांगितलं.

ते नाव मी इथं सांगत नाही. त्या माणसाचं नाव काढलं की जो तो आपापलं गाणं गुणगुणायला लागतो आणि माझी गोष्ट राहून जाते. इतकं पुरे की तो मुंबईचा मोठा संगीतकार होता, सिनेमाला संगीत द्यायचा, आणि आदल्या दिवशी तो वारला होता. टीव्हीवर तेच चाललं होतं. बाबूजींनी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. मुंबई तर सोडाच, हा माणूस नागपूरच्या पुढे गेलेला नाही. आणि त्या मुंबईवाल्यासाठी हे नवेगावच्या बांधावर, म्हणजे तलावावर, जाऊन डुबकी मारून, न्हाव्यापुढे डोकं देऊन आले होते.

"दहा दिवस सुतक हाय मले," ते म्हणाले. "माहं ताट अलग ठेवा. अन् देवघरात मी येत नाही."

मला आधी हसू आलं. मग जो संताप आला तो काही विचारू नका. कारण त्याच रविवारी माझ्या पोरीचं साक्षगंध होतं, साखरपुडाच म्हणा.

मी मुळात तापट माणूस. सडक अर्जुनीला माझं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीत नवी तार भरायची, हेच दिवसभराचं काम. गिऱ्हाईक म्हणतं, याच्या हाताला गुण आहे पण तोंडाला लगाम नाही. खोटं नाही ते. पण त्या सकाळी मी तोंड आवरलं. बायको चुलीजवळून नुसती माझ्याकडे बघत होती. तिनं हळूच विचारलं, "म्हंजे आता रविवारचं कसं?" मला तरी कुठं ठाऊक होतं? आमगावकडचे पाहुणे येणार होते, मांडववाल्याला सांगून झालं होतं, पोरीनं साडी घेतली होती. आणि घरचा वडीलधारा माणूस डोकं भादरून ओट्यावर बसला होता, तोही अशा माणसासाठी की ज्याला आमच्या गावाचं नावही माहीत नसणार.

आता खरं सांगायचं तर त्या संगीतकाराचं माझ्याशी पहिल्यापासून वाकडं होतं. लोक म्हणतात, त्याचं गाणं लागलं की मन शांत होतं. माझं उलट. त्याचं गाणं लागलं की माझा जीव खालीवर व्हायला लागतो. हातातली तार सुटते, उगाच तहान लागते, दुकानाच्या दारापर्यंत दोनदा जाऊन येतो. एका गिऱ्हाईकाच्या मोबाईलला त्याच्या गाण्याची घंटी होती. मी त्याला म्हटलं, बाबा, एक तर फोन बंद कर, नाही तर मोटार दुसरीकडे ने. तो बिचारा बघतच राहिला. मी तरी त्याला काय सांगणार होतो?

माझी आई मी लहान असतानाच गेली. काविळीनं गेली. मी दुसरीत होतो. तिचं फारसं काही आठवत नाही, पण त्यानंतरचं घर आठवतं. बाबूजी आणि मी, दोघंच. बाबूजी भात रांधायचे, मी भांडी घासायचो. संध्याकाळी रेडिओ लागायचा. बाबूजी गावच्या नाटकात पेटी वाजवायचे, म्हणून गाण्याचा नाद होताच. आमच्या झाडीपट्टीतली नाटकं म्हणजे तुम्हाला ठाऊक असेल, गाण्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. सिनेमाची चाल घ्यायची, त्यावर आपले शब्द बसवायचे. त्या संगीतकाराच्या कितीतरी चालींवर बाबूजींनी नाटकाची पदं बसवली होती. पण रेडिओवर त्याचं एक विशिष्ट गाणं लागलं की बाबूजी हातातलं काम टाकून उठायचे आणि घराबाहेर निघून जायचे.

गाणं सुरू व्हायचं सारंग्यांनी. मग सारं वाजणं थांबायचं आणि एकटी बासरी यायची. बासरी संपली की गाणारी बाई लगेच सुरू होत नाही. मधात अगदी थोडा वेळ काहीच नसतं, वाजणंही नाही आणि गाणंही नाही. त्या रिकाम्या जागेत बाबूजी उठायचे. बाई गायला लागेपर्यंत ते फाटकाबाहेर असायचे.

मी मागे मागे जायचो. अनवाणी, अंधारून आलेलं असायचं. बाबूजी धानाच्या बांधीवर, भाताच्या खाचराशी, जाऊन उभे राहायचे आणि मी दूर बाभळीजवळ थांबायचो. ते वळले की मी धावत घरी येऊन भांडी घासत बसायचो. मला वाटायचं, आज हे गेले ते येणार नाहीत. कशावरून वाटायचं, कोणास ठाऊक. पण वाटायचं, आणि अगदी खात्रीनं वाटायचं. म्हणून ती बासरी वाजली की माझ्या पायांत अजूनही चुळबुळ सुरू होते. म्हाताऱ्या बापाचा थोराड पोरगा मी, घरी पोरीचं लग्न काढलेलं, आणि बासरी ऐकली की बाप घरात आहे की नाही ते बघून येतो. हे मी आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं.

तर सुतक. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत गावभर झालं. आमच्या गावात बातमी पसरायला मोबाईल लागत नाही. मिशी नसलेला बाबूजी बांधावरून येताना दहा जणांनी पाहिला होता. शेजारची काकू पदर डोळ्याला लावून आली. हातात भाताचं गंज, म्हणजे पातेलं, आणि वरणाचा डबा, कारण मौतीच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही.

"कोन गेला जी?" तिनं बायकोला विचारलं.

बायकोनं काकूपुढे बसायला पाट सरकवला. ती म्हणाली, "मुंबईले होते एक."

"नात्यातले?"

"नाही. म्हंजे बाबूजीच्या वळखीचे."

काकू तरी बसली, थोडं रडली, आणि भात ठेवून गेली. तिच्या मागून आणखी दोघी आल्या. संध्याकाळी भावकीतला एक म्हातारा काठी टेकत आला आणि मला बाजूला घेऊन विचारू लागला, "तुमचा कोनी मुंबईले हाय असं कधी आयकलं नव्हतं रे. दुसरं घर होतं का बाबूजीचं तिकडं?" घ्या. म्हणजे आता बापाच्या अब्रूलाही हात लागला. मी म्हटलं, "काका, घरी जा अन् टीव्ही लावा. टीव्हीत दिसून राहिला तो मेलेला मानूस." काका टीव्ही बघायला गेले आणि पुन्हा आले नाहीत.

मी महाराजांना फोन लावला, आमच्या घरचे सारे विधी तेच करतात. विचारलं, ज्याच्याशी रक्ताचं नातं नाही त्याचं सुतक लागतं का? महाराज हसले. म्हणाले, नातं नाही तर सुतक कसलं, ऐकल्याबरोबर आंघोळ केली की माणूस मोकळा. मला हायसं वाटलं. लगेच बाबूजींपुढे जाऊन उभा राहिलो.

"महाराज म्हनतात तुमाले सुतक लागत नाही. नातं लागत नाही त्याचं."

"महाराजले काय मालूम नातं?" बाबूजी म्हणाले. आवाज चढला नाही, काही नाही. "घराले लागत नाही म्हनत असतील तर बराबर हाय. घराले नकोच लागू दे. मले एकट्याले हाय. मी वावरात जाऊन राहतो."

आणि खरोखरच गेले. घोंगडी, लोटा आणि कंदील घेऊन. धान कापून झालेलं होतं, शेतात धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे रचलेले होते, आणि राखणीसाठी गवताची एक खोपडी होती. तिथं जाऊन राहिले. बायको दिवसातून एकदा ताट घेऊन जायची. ते ताटाला हात लावायच्या आधी तिला दूर उभं राहायला सांगायचे. एकभुक्त होते म्हणे. मी गेलो नाही. मी रागावलो होतो आणि मला रागावलेलंच राहायचं होतं.

पोरगी गोंदियाला नोकरी करते. ती शुक्रवारी आली. गोंदियाच्या हवेत राहून राहून तिची जीभ अर्धी हिंदी झाली आहे. तिनं सारं ऐकून घेतलं, शेतात जाऊन दादाजींना लांबून भेटून आली आणि घरात येऊन ओढणी खुंटीला टांगत म्हणाली, "दादाजी नहीं बैठेंगे तो मैं भी पाटावर बसनार नाही. बस."

"तुले समजते का काय बोलून राहिली?" मी म्हणालो. "लोक आमगावहून येऊन राहिले."

"मग दादाजीले आना."

"तो नाही येत."

"मग आपन थांबू."

थांबू म्हणे. साक्षगंध काय बस आहे, ही गेली तर दुसरी येईल? चांगली सोयरीक, समजूतदार पोरगा, आणि घरचे लोक एकदा मोडता घातला की मनात अढी धरणारे. बायको पदरानं डोळे पुसत स्वयंपाकघरात शिरली. त्या दिवशी दुकानात मी एका मोटारीत उलटी तार भरली. चालू करताच ती जळली. नवीन तार, नवीन वास. दुकान बंद करून बाहेर ओट्यावर बसलो तर समोरच्या चहाच्या टपरीवर तेच गाणं लागलं. मेल्यापासून त्याचीच गाणी चालू होती ना सगळीकडे. सारंग्या झाल्या, बासरी सुरू झाली, आणि मी उठून गाडीला किक मारली.

तेवढ्यात व्याह्यांचा फोन. "आमी आयकलं तुमच्या घरी मौत झाली म्हनून. कोन गेला? आमाले कायले नाही सांगतलं?"

मी म्हणालो, "थोड्या वेळानं बोलतो. गाडीवर आहो."

गाडी सरळ शेताकडे नेली. दुपार होती. बाबूजी पुंजण्याला टेकून उन्हात बसले होते. डोक्यावर पांढरे खुंट उगवायला लागले होते, आणि मिशी नसल्यानं वरचा ओठ लहान पोरासारखा दिसत होता. मी गाडीवरून उतरायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

"तुमची नात तुमच्याबिगर बसत नाही म्हनते. याही फोन करून राहिले, मौत कोनाची म्हनून. मी का सांगू? मुंबईच्या पेटीवाल्याची? तो तुमचा कोन लागत होता? काऊन घराचं हसू करून राहिले तुमी? तुमची स्वतःची बायको मेली तेव्हा तरी एवढं केलं होतं का?"

शेवटचं वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं. बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. मग बाजूला सरकून धानाच्या पेंढीवर जागा केली. मी बसलो नाही.

"नाही केलं," ते म्हणाले. "तिच्या मौतीत माह्या डोयातून एक टिपूस निघाला नाही. दहावा झाला, तेरवी झाली. लोक रडून राहिले, मी पंगतीले वाढून राहिलो. छातीत नुसता धोंडा. लोक म्हनत, बायकोवर जीव नव्हता याचा."

मी गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत उभा राहिलो.

"तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी कोहमाऱ्याले, हायवेवर, गेल्तो. कायले गेल्तो, मालूम आहे तुले?"

"बियानं आनायले," मी म्हणालो. मला तसंच सांगितलं होतं. काकूच्या घरी ठेवून गेले होते मला.

"बियानं नाही. ट्रक धरायले गेल्तो." ते समोर रिकाम्या बांधीकडे बघत बोलत होते. "रायपूरकडचा. मंग तिकडून कुठंबी. घर नको, वावर नको, काही नको वाटून राहिलं होतं."

"अन् मी?"

"तूबी नको," बाबूजी म्हणाले.

कापलेल्या धानाचा वास येत होता. दूर हायवेवर गाड्या जात होत्या. मी त्या पेंढीवर बसलो.

"ढाब्यावर एका ड्रायव्हरशी बोललो. तो चल म्हने. केबिनमध्ये बसलोबी मी. त्यानं टेप लावला. ते गानं. तुले मालूम आहे ना, कोनतं ते."

मला मालूम होतं.

"आता ते गानं काही रडायचं नाही. खुशीचं गानं हाय. सिनेमात ती बाई पानी भरून येऊन राहिली, अन् नवरा दुरून पाहून राहिला, एवढंच. शब्दबी साधे. पन बासरी झाली अन् ती मधातली जागा आली, जिथं कोनी गात नाही. तिथं मले तुही माय दिसली. बोलायले तोंड उघडलेली. अन् मग मी जो रडलो बाप्पा, असा रडलो का ड्रायव्हरनं गाडी बंद केली. म्हने, भैया, रो लो, गाडी बाद में निकलेगी. गानं सरलं तं त्यानं उलटून पुन्हा तेच लावलं. मी रडून राहिलो अन् तो बिडी वढत बसला. मंग म्हने, चलना है कि उतरना है?"

"अन् तुमी उतरले."

"उतरलो. पोट फाटेस्तोवर रडल्यावर मले पयली याद कायची आली असंल? तू सकाळपासून जेवला का नाही, याची." बाबूजींनी पंच्यानं तोंड पुसलं. "तो धोंडा माह्या बापानं हलवला नाही, देवानं हलवला नाही, महाराजानं तेरवी करून हलवला नाही. त्यानं हलवला. मंग तो माहा कोन लागते, ते तुमी शिकलेले लोक ठरवा. मी मिशी काढून मोकळा झालो."

मला खूप राग यायला हवा होता. बाप आपल्याला टाकून निघाला होता, हे कोणत्याही वयात ऐकलं तरी लागतंच. लागलं मला, फार लागलं. पण त्याबरोबर दुसरंच काही झालं. इतक्या वर्षांची माझी ती चुळबुळ, ती बाभळ, ते मागे मागे जाणं, ते खुळेपण नव्हतं. मला जे वाटायचं ते खरंच होतं. बाप खरोखर निघाला होता. फक्त मी उलटं धरून बसलो होतो. मला वाटायचं, ते गाणं बाबूजींना घराबाहेर नेतं. ते गाणं त्यांना घरी घेऊन आलं होतं.

"मग रेडिओवर लागलं की बाहेर काऊन जात होते?" मी विचारलं.

"तुह्यासमोर कसा रडू?" ते म्हणाले. "बिना मायचं लेकरू तू. तुले वाटलं असतं, आता बापबी गेला."

आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. माझ्या खिशात फोन वाजला. व्याही.

बाबूजींनी हातानं खूण केली, घे. मग म्हणाले, "सांग त्यायले, मौत नाही म्हनून. मी येतो रविवारी. पोरीसाठी मोडतो सुतक. तो काही रागावनार नाही."

मी फोन कानाला लावला. मनात तेच होतं, सांगून टाकावं की गैरसमज झाला, रविवारी या. पण तोंडातून निघेना. ज्या माणसानं माझा बाप ट्रकमधून खाली उतरवला त्याची मौत झालीच नाही असं मी म्हणू कसा?

"मौत झाली याहीबुवा," मी म्हणालो. "रविवारचं जमत नाही. दहा दिवस सरेस्तोवर थांबावं लागते."

"गेला कोन पन? नात्यानं कोन लागे?"

मी सगळं सांगितलं. मला गोड बोलता येत नाही, म्हणून जसं होतं तसं सांगितलं: बाबूजी मला टाकून निघाले होते, ट्रकमध्ये बसले होते, त्या माणसाच्या गाण्यानं परत आले. म्हणालो, तो नसता तर मी कोणाच्या दारी वाढलो असतो देव जाणे. मग ही पोरगी नसती आणि तुमच्या घरी सूनही आली नसती. तुम्हाला हे खुळेपण वाटत असेल तर तसं स्पष्ट सांगा, मी वाईट मानणार नाही. बाबूजी माझ्या तोंडाकडे बघत होते.

पलीकडे व्याह्यांनी कोणाला तरी टीव्ही बंद करायला सांगितलं. मला वाटलं, झालं, मोडली सोयरीक. मग त्यांचा घोगरा आवाज आला.

"आमी दहा दिवस सरल्यावर येतो. पन एक सांगा. मंग हे सुतक बाबूजीले एकट्यालेच कसं? तुमालेही लागते ना जी?"

मी "हो, लागते" म्हणालो, फोन खाली ठेवला, आणि बापाच्या बाजूला धानाच्या पेंढीवर बसून त्या मुंबईवाल्या माणसासाठी पोट फाटेस्तोवर रडलो.